प्रिंटरचा माणूस

कार्यालयातला प्रिंटरचा माणूस नेमला जात नाही, सापडतो. सात-आठ वर्षांपूर्वी त्याने कधीतरी अडकलेला कागद न फाडता बाहेर काढलेला असतो आणि तेवढ्यावर त्याची कायमची नोंद झालेली असते. पदाने तो स्टोअरकीपर असेल, लेखापाल असेल, वकिलाचा कारकून असेल. पगारपत्रकात प्रिंटरचा उल्लेख कुठेच नसतो. छत्रपती संभाजीनगरात तो वाळूज-चिकलठाण्याच्या शेडमध्ये, जालना रोडवरच्या खंडपीठाच्या आसपास असलेल्या वकिलांच्या कार्यालयांत, जाधववाडीच्या आडतीत आणि सिडकोतल्या क्लासेसमध्ये सारख्याच सहजतेने आढळतो.

त्याची खूण म्हणजे उजव्या बाहीवरचा काळपट डाग. टोनर म्हणजे मुख्यतः प्लास्टिकची भुकटी, उष्णतेने वितळून कागदाला चिकटणारी. म्हणून टोनर सांडलेला कपडा आधी झटकायचा आणि गार पाण्यात धुवायचा, गरम पाणी लागले की डाग पक्का. हे त्याला ठाऊक असते. घरी मात्र या विषयात त्याचे कोणी ऐकत नाही.

त्याच्या खणात एक चिमटा, एक मऊ फडके आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा असतो. शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदलले, तेव्हा जुन्या नावाची छापील लेटरहेडे शिल्लक राहिली. अनेक ठिकाणी ती अजून टेस्ट पेजसाठी पुरवून पुरवून वापरली जातात. पाठकोरा कागद ट्रेमध्ये टाकण्याआधी तो कडेवरून अंगठा फिरवतो. त्यात राहिलेली एक स्टेपलरची पिन टोनर वितळवणाऱ्या फ्यूजरपर्यंत पोचली तर त्याचा टेफलॉन फाटतो, आणि मग छापलेल्या प्रत्येक पानावर एकाच अंतराने तोच ओरखडा उमटत राहतो. फुकटच्या कागदाने केलेला हा खर्च हिशेबात ‘किरकोळ’मध्ये जातो.

नेटवर्क प्रिंटर म्हणून जे दाखवले जाते ते बऱ्याच ठिकाणी नेटवर्क प्रिंटर नसतेच. यूएसबी वायरचा साधा प्रिंटर एका संगणकाला जोडलेला असतो आणि त्या संगणकावरून तो सगळ्यांना ‘शेअर’ करून दिलेला असतो. तो संगणक हमखास अशा मॅडमचा, ज्या साडेपाचच्या ठोक्याला सगळी बटणे बंद करून बसथांब्याकडे निघतात. त्यामुळे प्रिंटर चालेना अशी हाक आली की हा माणूस प्रिंटरकडे बघतही नाही. त्याचा पहिला प्रश्न असतो, “मॅडम गेल्या का?” निम्मे निदान इथेच होते. बाहेरून आलेला इंजिनिअर लॅपटॉप उघडून तासभर जे शोधतो ते याला हजेरीपटावरून कळते.

प्रिंटर खरोखरच नेटवर्कचा असेल तर रोग वेगळा. दुपारी लाइट जाते, येते. राउटर नव्याने जागा होतो आणि दारात येईल त्याला मोकळा पत्ता वाटत सुटतो. सकाळी ज्याचा आयपी ७ नंबरचा होता त्या प्रिंटरला आता ११ मिळालेला असतो, संगणक मात्र अजून ७ चेच दार वाजवत असतात. एन-७ मधले बिऱ्हाड एन-११ मध्ये गेले आणि पाहुणा जुन्या दाराशी उभा, असे सिडकोत राहणाऱ्याला सांगितले की लगेच समजते. यावर औषध आहे. राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या नावे एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा आणि संगणकावर पोर्ट त्याच पत्त्याचा करायचा. काम दहा मिनिटांचे. पण राउटरचा पासवर्ड ज्याने ठेवला तो पुण्याला नोकरी लागून गेलेला असतो, म्हणून लाइट जाईल तितक्या वेळा हा माणूस प्रिंटरवरून कॉन्फिगरेशनचे पान काढतो, नवा आकडा वाचतो आणि प्रत्येक टेबलावर जाऊन टाकून येतो.

त्याचे खरे तेज दिसते ते संध्याकाळी. वाळूजच्या एका लहान कारखान्यात माल भरून टेंपो उभा आहे, ड्रायव्हर दारात, आणि बीजक निघत नाही. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बीजकाच्या तीन प्रती लागतात. घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि आपली. बिलिंगचा मुलगा प्रिंटचे बटण दाबतो. काही होत नाही. पुन्हा दोनदा दाबतो. मग जरा जोरात दाबतो, जणू कळ जोरात दाबली की निरोप ठळक जातो. मग प्रिंटरच्या माणसाला हाक. तो येतो, खुर्ची मागे सारतो आणि बसत नाही. उभ्यानेच काम करणे ही या वर्गाची रीत आहे. जॉब स्पूलरमध्ये अडकला आहे, हे तो क्यूवर एक नजर टाकून सांगतो. स्पूलर म्हणजे छपाईला आलेली कामे रांगेत धरून ठेवणारी विंडोजमधली व्यवस्था. पहिलेच काम बिघडले तर मागचे एकही पुढे सरकत नाही, रेशन दुकानात पहिल्याच गिऱ्हाइकाचा अंगठा उमटेना तसे. सर्व्हिस थांबवायची, रांगेच्या फोल्डरमधल्या फायली पुसायच्या, सर्व्हिस पुन्हा सुरू करायची. घाईत तो मधली पायरी गाळतो. प्रिंटर घरघरतो, आणि चार वेळा दाबलेल्या बटणाच्या प्रत्येकी तीन अशा बारा प्रती ओळीने बाहेर येतात. ड्रायव्हर दोन घेतो, तिसरी फायलीत जाते. उरलेल्या नऊ पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात जातात.

२०२१ च्या जून-जुलैत याच स्पूलरमधली सुरक्षेची एक मोठी फट ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने जगभर गाजली. मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्या पाठवल्या. सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर कित्येक ठिकाणचे शेअर केलेले प्रिंटर जोडलेच जाईनात, पडद्यावर ‘११बी’ने संपणारा लांबलचक आकडा येऊ लागला. प्रिंटरच्या माणसांनी त्यावर काढलेला तोडगा सरळ होता, अपडेटच काढून टाकायचे. चोराच्या भीतीने लावलेले कुलूप घरच्यांनाच उघडेना म्हणून दार काढून ठेवण्याचा हा प्रकार. पण बिले निघाली.

हवामानाचाही त्याचा अभ्यास असतो. पावसाळ्यात उघडे ठेवलेले रीम ओल धरते, कागद वाकतो आणि अडकतो. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कोरडे कागद एकमेकांना चिकटून दोन-दोन आत जातात आणि शाळांच्या सुट्टीत पडून राहिलेल्या इंक टँकचे हेड सुकते. लेझर प्रिंटर छोट्या यूपीएसवर लावलेला दिसला तर मात्र त्याचा तोल जातो, कारण फ्यूजर तापताना ओढतो ती वीज त्या डब्याला पेलत नाही.

कोणता प्रिंटर घ्यावा, या प्रश्नावर या माणसांत घराणी आहेत. एचपीवाले, कॅननवाले, ब्रदरवाले, आणि एप्सनच्या टाकीवाले. यांतली पहिली दोन घराणी चहाच्या टपरीवर सर्वांत जोरात भांडतात. गंमत अशी की १९८४ मध्ये आलेल्या एचपीच्या पहिल्या लेझरजेटचे छपाईयंत्र कॅननने बनवलेले होते, आणि भारतातल्या कार्यालयांत वर्षानुवर्षे राबलेल्या लेझरजेट १०२० चे १२ए व कॅनन एलबीपी २९०० चे ३०३ ही काडतुसे सख्खी भावंडे आहेत. रिफिलवाला दोन्हींत एकाच डब्यातली भुकटी ओततो. ब्रदरमध्ये ड्रम आणि टोनर वेगळे असतात. टोनर बदलताना ड्रम टाकून द्यावा लागत नाही आणि त्याच्या नेहमीच्या मॉडेलांत एक ड्रम सुमारे १२,००० पाने चालतो, असे ब्रदरवाले न विचारता सांगतात. टाकीवाल्यांचे रंगीत पान स्वस्त पडते, पण रोज दोन पाने तरी काढावी लागतात, नाहीतर हेड रुसते. आडत्याकडे यांपैकी काहीच नसते. तिथे डॉट मॅट्रिक्स किंचाळत कार्बनसकट पट्टी छापतो आणि त्याला अजून कोणी हटवू शकलेले नाही.

या भांडणात कंपनीचे नाव निमित्तमात्र असते. प्रिंटरचा माणूस भरवशाचा म्हणतो तो ब्रँड बहुतेक वेळा त्याच्या ओळखीच्या रिफिलवाल्याला उघडता येणारा असतो. पिकअप रोलर त्याच दिवशी मिळाला, टोनर भरून संध्याकाळपर्यंत हातात पडला, तर यंत्र चांगले. सुट्या भागासाठी मुंबईकडे डोळे लावून बसावे लागले तर कितीही नामांकित असो, ते डबडे. माहितीपत्रकात पानांचा वेग ठळक छापतात, ही गोष्ट छापत नाहीत, आणि या बाबतीत त्याचे म्हणणे माहितीपत्रकापेक्षा बरोबर आहे.

तेव्हा कार्यालयासाठी प्रिंटर घ्यायचा असेल तर लॅनचे पोर्ट असलेलाच घ्यावा, आणि दुकानात शिरण्याआधी शेजारच्या शेडमधल्या काळ्या बाहीच्या माणसाला एवढेच विचारावे, की टोनर कुठे भरता? रिफिलवाल्याचा नंबर त्याने मोबाइल न उघडता तोंडपाठ सांगितला, तर त्याच्याकडे आहे तोच घ्यावा.