काकाजींचं जंक्शन

गोंदियात सिव्हिल लाइन्सपासून कुडव्यापर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात जा, असे एक काकाजी सापडतातच. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी मास्तर, कोणी जन्मभर राइस मिलच्या हिशेबात मान मोडलेले. घरात तीन-चार कॉम्प्युटर. एक स्वतः घेतलेला, एक मुलगा पुण्याला जाताना सोडून गेलेला, एक मुलीच्या कॉलेजातला, एक कुठल्याशा लिलावात मातीमोल भावाने मिळाला म्हणून आणलेला. सगळे निळ्या वायरीने एकमेकांना जोडलेले आणि इंटरनेटला एकही नाही. हा गरिबीचा भाग नव्हे. फायबर घरात आलेलं असतं, काकूंच्या मालिका त्याच्यावरच चालतात. फक्त कॉम्प्युटरांना ते सोवळ्यात चालत नाही.

आमच्या गल्लीतले काकाजी रेल्वेच्या सिग्नल खात्यातले. सिग्नलवाल्याला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शिकवतात की सिग्नल बिघडला तर तो लालच झाला पाहिजे, हिरवा कधीच नाही. काकाजी निवृत्त झाले, शिकवण झाली नाही. जे पूर्ण समजलेलं नाही ते लाल, हा त्यांचा नियम इंटरनेटला लागला, ऑनलाइन बँकेला लागला आणि काही काळ जावयालाही लागला होता.

कॉम्प्युटरांना नावं अर्थातच स्टेशनांची. बैठकीतला मुख्य तो ‘गोंदिया जंक्शन’. देवघराशेजारचा ‘गंगाझरी’, माडीवरचा ‘आमगाव’, आणि जिन्याखालच्या अंधारातला ‘दरेकसा’, कारण तिकडे जायचं म्हणजे बोगद्यात शिरल्यासारखं वाकून जावं लागतं. “दरेकसाची फाइल आमगावला टाक, गंगाझरीवरून प्रिंट काढतो,” असं ते मोठ्याने सांगतात तेव्हा घरी आलेला नवा पाहुणा पायात चपला घालू लागतो.

ही सगळी मंडळी आपसात बोलतात कशी आणि बाहेर जात नाहीत कशी, हे काकाजी ज्याला-त्याला समजावतात, न विचारता. “तुझ्या बांधीत पानी असते का नाही? या बांधीतून त्या बांधीत जाते. मंग शेवटच्या धुऱ्याले तोंड ठेवते का नाही आपण? ते तोंड म्हंजे गेटवे. आपण ते पाडलंच नाही!” मामा तलावांच्या जिल्ह्यात पाणी अडवणं कोणाला शिकवावं लागत नाही, त्यामुळे समोरचा शेतकरी असला तर लगेच मान डोलावतो. इंजिनिअर असला तर वाद घालतो.

तांत्रिक भाषेत बोलायचं तर चारही वायरी फायबरच्याच डब्यात खोवलेल्या, पण प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.१०, ११, १२ असे हाताने पत्ते दिलेले आणि ‘डीफॉल्ट गेटवे’चा रकाना कोरा. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते जगाने घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेत. काकाजींच्या ‘जंक्शन’चा जो पत्ता, तोच न्यूयॉर्कमधल्या कोणाच्या तरी प्रिंटरचा असू शकतो, म्हणून बाहेरच्या टपालाला त्याचा उपयोग शून्य. आणि गेटवे कोरा म्हटल्यावर यंत्राला घराबाहेर पडायचा रस्ताच माहीत नसतो. युक्ती गावठी आहे, पण चालते. निदान दिवाळीपर्यंत चालली.

दिवाळीला पुण्याहून मुलगा, सून आणि नातू आले. मुलगा क्लाउडमध्ये नोकरीला, म्हणजे जगाच्या फायली इंटरनेटवर नेऊन ठेवणं हाच त्याचा धंदा. बापलेकांनी या विषयावर बोलायचं नाही असा तह झालेला आहे. नातवाचा तहाशी संबंध नव्हता. भाऊबीजेच्या सकाळी त्याने आमगावच्या कोऱ्या रकान्यात १९२.१६८.१.१ लिहिलं आणि दुपारपर्यंत आमगाववरून ब्राझीलमधल्या कुठल्याशा पोराबरोबर लढाई खेळली. काकाजींना कळलं ते दुपारी चहा घेऊन माडीवर गेल्यावर. ते ओरडले नाहीत. बाजारात गेले, एक वेगळा स्विच घेऊन आले आणि चारही वायरी फायबरच्या डब्यातून उपटून त्यात खोवल्या. आता दोन जाळी झाली, मध्ये धागाही नाही. “तार नाही तं वार नाही,” हे त्यांचं घोषवाक्य तेव्हापासूनचं. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघालेला आपला जिल्हा, वेगळं निघणं इथल्या माणसाला जड जात नाही.

काकाजींच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे मे २०१७. त्या महिन्याच्या १२ तारखेला ‘वॉनाक्राय’ नावाचा किडा सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांवर कॉम्प्युटरांच्या फायली कुलूपबंद झाल्या. सोडवायचे तीनशे डॉलर, तेही बिटकॉइनमध्ये. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांनी पेशंट परत पाठवले. काकाजी त्या आठवड्यात सकाळचं फिरणं दुप्पट करत होते, प्रत्येक फाटकाशी थांबून. जूनच्या शेवटी तसल्याच हल्ल्याने न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकलं, तेव्हा तर त्यांनी चिवडा वाटायचा बाकी ठेवला.

आता खरं सांगायचं तर हा किडा घरच्या जाळ्यातच सगळ्यात जोरात पळायचा. फायली वाटून घ्यायची जी सोय असते, तिच्यातल्याच भोकातून तो शेजारच्या यंत्रात उडी मारी. ते भोक बुजवणारं ठिगळ मार्चमध्येच निघालं होतं आणि ते इंटरनेटवरून येणार होतं. म्हणजे काकाजींच्या एकाही स्टेशनावर ते नव्हतं. एक किडा आत आला असता तर गोंदिया ते दरेकसा सगळी लाइन एका चहात गेली असती. शेजारच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पोराने हे त्यांना ऐकवलं. वर इराणच्या नतान्झमधल्या युरेनियमच्या कारखान्याचंही सांगितलं. तिथली यंत्रंही इंटरनेटपासून तोडलेली होती, तरी स्टक्सनेट नावाचा किडा बहुधा पेन ड्राइव्हवर बसून आत गेला आणि २०१० साली जगाला कळला. काकाजींनी शांतपणे सुपारी कातरली. “आमच्या घरी युरेनियम नाही बाप्पा.”

पण मनावर घेतलं. त्याच आठवड्यात जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाचवा कॉम्प्युटर आला. कशालाही न जोडलेला, एकटा. नाव ‘शिरपूर नाका’. देवरीच्या पुढे राज्याच्या हद्दीवर आहे तोच. येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह आधी इथे लागतो, अँटिव्हायरस तो उलटापालटा करून पाहतो, मग पुढे सोडतो. अडचण एकच. नाकेदाराला नव्या चोरांचे चेहरे ओळखायचे तर नवी यादी लागते आणि ती येते इंटरनेटवरून. म्हणून मुलगी दर महिन्याला यादी उतरवून पाठवते. कशावर? पेन ड्राइव्हवर. तो तपासायला नाक्याशिवाय दुसरी जागा नाही, आणि नाक्यावर अजून जुनीच यादी. हा प्रश्न काकाजींना विचारायचा नसतो.

बाकी संसार सुखाचा आहे. मुलाने एकदा अख्खा विकिपीडिया हार्ड डिस्कवर उतरवून आणून दिला, किविक्स नावाची सोय आहे, आणि तो दर दिवाळीला नवा घालतो. त्यामुळे काकाजींच्या घरी जग दिवाळी ते दिवाळी चालतं. मार्चमध्ये वारलेले पुढारी नोव्हेंबरपर्यंत हयात असतात. घड्याळांचंही तसंच. बाहेरून वेळ मागायची सोय नाही म्हणून आमगाव सात मिनिटं पुढे आणि गंगाझरी चार मिनिटं मागे. रविवारी काकाजी मोबाइल हातात घेऊन माडी, जिना, देवघर अशी फेरी मारतात आणि सगळ्यांना वेळेवर आणतात. दरेकसाच्या आतला बटणाएवढा सेल मध्यंतरी मेला, तेव्हा तो यंत्र जन्माला आल्याच्या साली परतला आणि नातवाचा निबंध नातवाच्या जन्माआधीच्या तारखेने छापून आला.

आणि मोबाइल? हो. ज्या माणसाने पाच कॉम्प्युटरांना ब्रह्मचर्य दिलं, त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन आहे. पहाटे पाचला मोहल्ल्याचा ग्रुप, निवृत्तांचा ग्रुप, सोयऱ्यांचा ग्रुप अशी सुप्रभाताची गाडी सुटते. अनोळखी लिंक आली तर आधी उघडतात, मग “उघडू नये” असं लिहून पुढे पाठवतात. यात त्यांना विसंगती दिसत नाही. फोन आपला नाहीच, तो लोकांचा आहे, असं काहीसं त्यांचं म्हणणं.

गेल्या नोव्हेंबरात पेन्शनवाल्याने जिवंत असल्याचा दाखला द्यायची वेळ आली. दर वर्षी ते बँकेत जातीने उभे राहतात, यंदा गुडघा दुखत होता. मुलाने फोनवरूनच समजावलं, ॲपसमोर चेहरा धरा, डोळे मिचकवा. काकाजींनी मिचकवले. दाखला आला. इतकं झाल्यावर तो ‘गोंदिया जंक्शन’वर जपून ठेवणं आलंच. फोन आणि जंक्शन यांत अंतर चार हातांचं, पण फोनला तिथे वायर लावायची मनाई, स्वतःचीच. मग दाखला व्हॉट्सॲपने चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेला, झेरॉक्सवाल्याने पेन ड्राइव्हवर घातला, पेन ड्राइव्ह घेऊन काकाजी दुखऱ्या गुडघ्याने घरी आले आणि शिरपूर नाक्यावर बसले. झेरॉक्सच्या दुकानातला पेन ड्राइव्ह म्हणजे गावभरचे किडे. नाकेदाराने घंटी वाजवली, तांबडी खिडकी दाखवली आणि मागचापुढचा विचार न करता आतलं होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं.

“माझा दाखलाच खाल्ला यानं,” काकाजी म्हणाले. आवाजात दुःख कमी आणि नाक्याचा अभिमान जास्त.

काकू पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

“दाखला गेला तं जाऊ द्या. भाजी आणाले तं जिते आहा ना तुमी?”