खोलात शिरलेले अण्णा

कोयनानगरात धक्का बसला की बाकीचे देवाचं नाव घेतात, अण्णा वही घेतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ अंगणात पळत नाहीत. फडताळातली भांडी वाजली का, टांगलेला दिवा किती झुलला, गिलावा पडला का, हे टिपून झालं की मगच काकूंना हाक मारतात, "अगं, बाहेर पड!" काकू तोवर शेजारणीकडं चहा पिऊन परत आलेल्या असतात.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा भूकंप झाला तेव्हा अण्णा तिसरीत होते. तेव्हापासून लोक विचारतात, "किती मोठा?" अण्णा विचारतात, "किती खोल?"

त्यासाठी ते गावोगावच्या नातेवाइकांना फोन लावतात.

"ताई, कौलं वाजली का?"

"अरे, आधी बरी आहेस का ते तरी विचार!"

"बोलतेयस म्हणजे बरीच आहेस. कौलांचं सांग."

हिशोब तसा सरळ आहे. केंद्र ५ किलोमीटर खाली असेल, तर बरोबर डोक्यावरचं गाव त्यापासून ५ किलोमीटरवर आणि २० किलोमीटर पलीकडचं गाव सुमारे साडेवीसवर, म्हणजे चौपट लांब. हादरा झपाट्यानं विरतो. तेच केंद्र २०० किलोमीटर खाली असेल, तर एक गाव २०० वर, दुसरं २०१ वर. दोघांना जवळपास सारखाच हादरा. २०१५ च्या ऑक्टोबरात हिंदुकुशाखाली २०० किलोमीटरहून खोल भूकंप झाला, तर दिल्लीतले पंखे डोलले. कोयनेचे बहुतेक धक्के १० किलोमीटरच्या आतले; इथं भांडी पडतात आणि पुण्याचा जावई घोरत असतो.

म्हणून ज्याला काही कळलंच नाही, तो अण्णांचा लाडका. चिपळूणची भाची म्हणाली, "मामा, मी झोपले होते," की अण्णा खूश. "शाबास! अशीच झोपत जा."

स्वयंपाकघराच्या भिंतीला गेलेली भेग बुजवा, म्हणून काकू कधीच्या मागं लागल्यात. पण १८५७ साली नेपल्सकडं मोठा भूकंप झाला, तेव्हा रॉबर्ट मॅलेट या आयरिश इंजिनियरनं पडक्या घरांच्या भेगांवरूनच त्याची खोली काढली होती. "भेग लिंपली तर पुरावा कुठला?" अण्णा विचारतात. मॅलेटसाहेबाचा उद्धार काकू भाकरी थापता थापता करतात.

खरी अडचण नातेवाइकांच्या स्वभावाची. हादऱ्याची तीव्रता सांगणाऱ्या मर्कालीच्या बारा पायऱ्यांत भांडी वाजली तर चौथी, झोपलेले बहुतेक जागे झाले तर पाचवी. पण सांगणारा माणूस असतो! म्हणून वहीत प्रत्येकापुढं स्वभावाची दुरुस्ती लिहिलीय. साताऱ्याचे दाजी मिलिटरीतले, छत कोसळलं तरी 'किरकोळ' म्हणणारे. त्यांना अधिक एक. कराडच्या आत्याबाई पलंगासकट उडतात. त्यांना वजा दोन. या दुरुस्त्यांमुळं आजवर दाजी बोलायचे बंद झालेत आणि आत्याबाईंनी दिवाळीला बोलावणं सोडलंय, पण अण्णांच्या नकाशावरची वर्तुळं सुबक येतात.

परवाच्या धक्क्याला मात्र आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "छे रे, मला तर काहीच जाणवलं नाही."

अण्णांनी पहिली पायरी मांडली. नियम म्हणजे नियम. त्यातून दोन वजा केले. त्यांच्या नकाशात आता कराड नेहमीपेक्षा दोन पायऱ्यांनी जास्त स्थिर आहे, आणि धक्क्याची खोली जमिनीच्या वर सव्वा किलोमीटर निघते. अण्णांचा सूत्रावर विश्वास आहे. आत्याबाईंना त्यांनी पुन्हा एकदा नीट आठवून बघायला सांगितलंय.