आधी कॉलसाइन, मग सेट

हातातला डिजिटल रेडिओ घ्यायचा म्हटलं की दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: रेंज किती? हा प्रश्नच चुकीचा आहे. पाच वॉटचा सेट पाचच वॉटचा. खोक्यावर वीस किलोमीटर छापले म्हणून मधल्या इमारती आणि टेकड्या बाजूला होत नाहीत. विचारायचं ते हे, की माझ्या टापूत रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र, आहे का, आणि असला तर कोणत्या पद्धतीचा?

कारण डिजिटल म्हणजे एकच एक काही नाही. आयकॉमच्या सेटवर डी-स्टार, याएसूवर सी-फोर-एफएम, एनीटोन किंवा टीवायटीवर डीएमआर. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही, कानावर येते ती नुसती घरघर. गावातले चार हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, डीएमआरवर असतील, तर तुमचा भारी किमतीचा डी-स्टार सेट त्यांच्यापुढे मुकाच. हौशी माणसांच्या या छोट्याशा जगात अशी फूट पडावी, याचा मला मनापासून राग येतो.

डीएमआर त्यातल्या त्यात स्वस्त. साडेबारा किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणं आळीपाळीने इतक्या झटपट चालतात की कानाला पत्ता लागत नाही. पण सेट खोक्यातून काढला आणि बोलायला लागलो, असं इथे होत नाही. सात आकडी आयडी काढा, मग प्रत्येक चॅनेलला घेण्याची आणि पाठवण्याची फ्रिक्वेन्सी, कलर कोड, टाइम स्लॉट, टॉकग्रुप भरा. कलर कोड 1 च्या जागी 2 पडला, तर सिग्नलची पट्टी भरलेली दिसते आणि स्पीकर गप्प. नवशिके इथेच कंटाळतात आणि सेट कपाटात जातो.

आता स्कॅनिंग. 'पोलिसांचं ऐकू येतं का?' हे विचारणाऱ्यांनी हा नाद सोडावा. दुसऱ्याचे संदेश चोरून ऐकणं आपल्याकडे गुन्हा आहे, आणि एन्क्रिप्शन असेल तिथे कितीही महागडा सेट घ्या, काही हाती लागत नाही. ऐकायचंच असेल तर 145.800 मेगाहर्ट्झ लावून ठेवा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना अंतराळवीर शाळकरी मुलांशी बोलत असेल, तर त्याचा आवाज साध्या एफएमवर येतो. डिजिटलची गरजच नाही!

आणि परवाना. ऑनलाइन दुकानांतून वॉकीटॉकी खेळण्यासारखे विकले जात होते, म्हणून 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. विनापरवाना वापरायचे मंजूर, कमी ताकदीचे सेट 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमध्ये चालतात. हॅमचे पट्टे वेगळे, 144 ते 146 आणि 434 ते 438. तिथे बोलायला, म्हणजे कॉलसाइन मिळवायला, दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. वयाची 12 वर्षं पूर्ण झालेलं पोरसुद्धा ती देऊ शकतं. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्सही लागत नाही.

माझं मत विचाराल तर पहिला सेट दोन्ही पट्ट्यांवर साधं एफएम चोख करणारा घ्या. डिजिटलचं जवळच्या हॅम मंडळींना विचारून ठरवा. पण परीक्षेचा अर्ज त्याआधी भरा.