कोरम जमला तर

वाशीतल्या एका अभिनय शिबिरात आम्हां नोकरदारांना आधी पद्यातली कॉमेडी, मग ॲब्सर्ड, असा क्रम होता. पद्यासाठी मोलिएर. त्याचं १६६० चं 'स्गानारेल' बारा-बारा अक्षरांच्या ओळींत. तेच इंग्रजीमार्गे देवलांकडे आलं आणि १९१६ त 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर उभं राहिलं. पद्य गेलं, पदं आली. सर म्हणाले, "ओळ संपली म्हणून श्वास घेऊ नका, अर्थ संपला की घ्या." सकाळच्या हार्बर लोकलनं जाणाऱ्याला हे शिकवायचं? आम्ही श्वास थेट कुर्ल्याला घेतो. त्यातला संशयी नवरा फाल्गुनरावही जमला. तेव्हा बायकोच्या हातात तसबीर दिसायची, आता पालथा ठेवलेला मोबाइल, संशय तोच.

घोडं अडलं ॲब्सर्डपाशी. आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेला भाऊराव कीर्तन करतो, शिवाय जुन्याच स्मशानात जाळा म्हणून हटून बसतो. "हसवायला जाऊ नका," सर म्हणाले, "त्याच्या दृष्टीनं मागणी अगदी रास्त आहे." कुणालाच जमेना. शेवटी एका काकांनी पिशवीतून आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त काढलं आणि चष्मा पुसून सरळ वाचलं: कोरमअभावी सभा तहकूब, अर्ध्या तासानं तीच सभा, तीच माणसं, तोच विषय, आता कायदेशीर. छताचा पोपडा पडल्याची नोंद, आभारप्रदर्शन.

सर भारावले. "लेखक कोण?"

"सचिव," काका म्हणाले.

प्रयोग रविवारी, त्यांच्याच गच्चीवर. कोरम जमला तर सातला, नाहीतर साडेसातला. जरूर या.