पट्टेबहाद्दर

घोडी पाळणारे दोन प्रकारचे असतात. एकाचे घर घोडीवर चालते आणि दुसऱ्यामुळे घोड्याच्या सामानाचे दुकान चालते. अमरावतीचे आमचे भाऊ दुसऱ्या प्रकारातले.

वडिलांनी मागे ठेवलेले जिनिंग, बडनेरा रोडला पऱ्हाटीचे वावर आणि हाताशी सवड एवढ्या भांडवलावर भाऊ दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत गेले आणि मारवाडी घोडी घेऊन आले. तिच्या कानांची टोके एकमेकांना टेकलेली. तिचे नाव ठरायच्या आधी तिचे सामान मागवून झाले होते. वावराच्या कडेला मुरूम टाकून वीस मीटर रुंद रिंगण केले, कारण वऱ्हाडच्या काळ्या मातीत पाऊस पडला की घोडी राहू द्या, चप्पलही आपल्याबरोबर येत नाही.

घोडीला काव्यावर धरणे हे तसे साधे काम. माणूस मधोमध उभा, हातात सात-आठ मीटरची दोरी, घोडी त्याच्याभोवती गोल. आधी चाल, मग दुडकी. डावीकडून जितके, तितकेच उजवीकडून. वीसेक मिनिटे पुरे. लहान गोलात फार फिरवले तर कोवळे सांधे दुखावतात. लांब चाबूक असतो तो मारायला नव्हे, सांगायला. मागे धरला की 'पुढे हो', खांद्याकडे नेला की 'आत येऊ नको'. झाले. पण इतक्या स्वस्तात होणाऱ्या गोष्टीवर भाऊंचा विश्वास बसत नाही.

म्हणून दोरी अडकवायला आधी कडीचा नाकपट्टा आला. घोडी मान वर करते? दोन्ही बाजूंना साइड रेन. तरी करते? मग मान खाली आणणारे फ्रेंच शांबों. मागचे पाय आळसाने टाकते? मग पेसोआ. ब्राझीलचे नामवंत स्वार नेल्सन पेसोआ यांच्या नावाचा हा साज म्हणजे तोंडातल्या कडीपासून निघून मागच्या मांड्यांना वळसा घालणारे दोऱ्या आणि कप्प्यांचे जाळे. माळ्यावर आजोबांच्या काळचा झेरबंद पडून आहे, पण त्याच्याबरोबर व्हिडिओ मिळत नाही.

सगळा साज चढवायला सव्वा तास लागतो. तेवढ्यात घोडीची उभ्या उभ्या एक झोप होते.

भाऊंचा हा स्वभाव जुना आहे. ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिके दाखवून आले, तिथे लहानपणी त्यांना मल्लखांबाला घातले होते. आठवड्यात परतले. तक्रार एकच, खांबाला धरायला काहीच नाही.

अकोल्याचे मेहुणे हे त्यांचे दुसरे दुखणे. त्यांच्याकडेही घोडी आहे आणि ते रोज फेऱ्यांचा आकडा फोनवर कळवतात. अमरावती-अकोला महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ च्या जूनमध्ये सुमारे १०५ तासांत डांबरी करून गिनीज विक्रम झाला, याचा भाऊंना कोण अभिमान! त्यांच्या घोडीचा पहिला अखंड फेरा पडायला मात्र मृग ते दिवाळी लागली.

तोही पडला तो वस्तादांमुळे. वस्ताद वरातीच्या घोड्या राखतात, नाचवतात. त्या दिवशी सहज आले आणि बघतच राहिले.

"भाऊ, हे घोळी हाय का पार्सल?"

"हे सायन्स हाय वस्ताद. तुमाले नाई समजाचं."

"असन ना. पन तुमी उभे कुठी हाय?"

भाऊंनी खाली पाहिले. मधली खूण बारा पावले मागे राहिली होती. घोडी जागच्या जागी होती आणि फेऱ्या भाऊंच्या चालल्या होत्या. दोरीही मनगटाला गुंडाळलेली. वस्तादांनी ती आधी सोडवली. "उधळली तं बोटं संग नेईन ना ते." मग एकेक पट्टा उतरवला, मोहरकीला दोरी लावली, मधोमध पाय रोवले, तिच्या मागल्या अंगाकडे तोंड केले आणि टाळूला जीभ लावून दोनदा आवाज काढला. घोडी निघाली. तिसऱ्या फेऱ्याला मान आपसूक खाली आली.

"पाह्यलं?" भाऊ म्हणाले, "पट्ट्यांचा परिनाम आता दिसून राह्यला!"

एरवी माणूस लाखाचा. हरभरा स्वतः भिजवतात, खरारा स्वतः करतात. चाबूक घोडीला कधी लागलेला नाही; तो बहुतेक वेळा त्यांच्याच पायात अडकलेला असतो. अडचण एवढीच की घोडीसमोर नुसत्या दोरीनिशी उभे राहायचा त्यांना धीर होत नाही. तिने ऐकले नाही तर दोष कोणाच्या माथी मारायचा? पट्टा असला की तो सैल होता, उलटा होता, एक भोक जास्त आवळला होता, असे काहीतरी म्हणता येते.

लग्नसराईत ते वरातीत नवरदेवाकडे न बघता घोडीच्या तंगाकडे बघतात आणि बँडच्या गलक्यात मोतद्दाराला सूचना देतात. तो मान डोलावतो. त्याला ऐकू आलेले नसते.

आता पुन्हा दत्तजयंती जवळ आली आहे आणि भाऊंची सारंगखेड्याची बॅग भरून झाली आहे. आहे त्या घोडीचे काय बिघडले, असे विचारले तर म्हणाले, "घोळीत काई खोट नाई राजेहो. पन येवढा पैसा पट्ट्यात घातला, आन् एक बी तिच्या मापाचा नाई. म्हून म्हटलं, पट्ट्याच्या मापाची घोळी पाहू."