हरवलेली नाही, उशिरा येतेय

पट्टा थांबला, बॅग आली नाही. काउंटरवरची ताई हसून ‘पीआयआर’चा, म्हणजे सामानाच्या तक्रारीचा, फॉर्म पुढे करते. बॅगेचा रंग? काळा. खूण? हँडलला लाल रिबीन. मागच्या रांगेतल्या चौघांचंही तेच.

आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार एकवीस दिवस उलटेपर्यंत तुमची बॅग ‘हरवलेली’ नसतेच (विमान कंपनीनेच कबूल केलं तर गोष्ट वेगळी, पण इतकी घाई कुणाला?). ती फक्त उशिरा येत असते. मग भरपाई, तीही एसडीआरमध्ये. हे एकक कुणाच्या पाकिटात नसतं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबात असतं. डॉलर, युरो, युआन, येन, पौंडाची मिसळ. डिसेंबर २०२४पासून मर्यादा १,५१९ एसडीआर. मर्यादा हं, हमी नव्हे! तिथवर पोचायला नुकसान सिद्ध करा. आजेसासूबाईंच्या पैठणीची पावती आणा, गोडा मसाल्याचं बिल जोडा. मसाला घरी कुटलेला? अरेरे.

बॅग सापडलीच, पण चाक मोडून, तर लेखी तक्रार सात दिवसांत. शोधायला त्यांना एकवीस, चाक बघायला आपल्याला सात.