डिकीतला दिवा

कसारा स्टेशनाबाहेर गाडी लावून चार दिवस मुंबईला गेलो. परतलो तर बॅटरी उतरलेली. चावी फिरवली की नुसती टकटक. वायरमनने निगेटिव्हची वायर सोडवून मध्ये मीटर जोडला. बंद गाडीने साधारण 50 मिलिअँपिअरच्या आत राहावं, आमची 400 खात होती. एकेक फ्यूज उपटता उपटता डिकीच्या दिव्याचा निघाला आणि आकडा धाडकन पडला. झाकण बंद, आत दिवाळी!

म्हटलं, हा मीटर शहापूर तालुक्यालाही लावा. भातसा, तानसा, मोडकसागर हे तलाव इथलेच. पाणी रात्रंदिवस मुंबईला आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर.

“साहेब, तिथला फ्यूज सगळ्यांना ठाऊक आहे,” मीटर गुंडाळत तो म्हणाला. “हात कोण घालणार?”

त्याने मजुरीचे दोनशे रुपये घेतले. मागून टँकर हॉर्न देत होता. गाडी बाजूला घेतली.